रीबॉर्न बाळ रंगवताना कुठलं काम टाळता येतं आणि कुठलं नाही

रीबॉर्न म्हणजे अगदी खऱ्या बाळासारखी दिसेल अशी हाताने रंगवलेली बाहुली. त्याबद्दल एका भगिनीचा प्रश्न आला आहे. त्या लिहितात: "पहिलंच रीबॉर्न किट रंगवतेय. पाच थर झाले तरी बाळ प्लास्टिकचंच दिसतंय. कपाळावर तर रंग बसतच नाही, बारीक ठिपके होऊन मागे सरकतो. शिकवणीच्या व्हिडिओंमध्ये सगळी बाळं गोरी-गुलाबी. मला आपल्याकडचं गव्हाळ बाळ करायचंय. केस रोवायचं काम बघून तर धीरच सुटतो. यातलं कुठलं काम वगळलं तर चालेल?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. केस रोवणं वगळा, चालेल. काचेचे डोळे वगळा, झोपलेल्या बाळाचं किट घ्या. शिरा, जन्मखुणा, नाकावरचे पांढरे दाणे हे सगळं पहिल्या बाहुलीत नसलं तरी बाळ सुंदर होतं. पण धुणं, पातळ थर, प्रत्येक थरानंतरचं बेकिंग (ओव्हनमध्ये तापवून रंग पक्का करणं) आणि ओल्या रंगावर चिकटलेले तंतू वेचणं ही चार कामं कधीच वगळू नका. ती कुणाला दिसत नाहीत, फोटोत येत नाहीत, त्यांचं कौतुकही कुणी करत नाही. तरीही बाळ कुशीत घेतल्यावर ते खरं वाटतं की नाही, हे तिथेच ठरतं. नवीन शिकणारे नेमकं उलटं करतात. धुणं दहा मिनिटांत उरकतात आणि पापण्यांचे केस रोवायला चार रात्री जागतात.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत १९९० च्या आसपास काही जणींनी दुकानातल्या बाहुल्यांचा कारखान्यातला रंग उतरवून त्यांना नव्याने रंगवायला सुरुवात केली. पुढे शिल्पकार यासाठीच बाळाचे चेहरे आणि हातपाय घडवू लागले आणि ते न रंगवलेल्या व्हिनाइलच्या, म्हणजे मऊसर प्लास्टिकच्या, किटच्या रूपात विकायला आले. डोकं, दोन हात, दोन पाय आणि कापडी धड असा हा संच असतो. बाउंटिफुल बेबी या अमेरिकन कंपनीची रिअलबॉर्न ही मालिका तर खऱ्या बाळांच्या थ्रीडी स्कॅनवरून बनते. रंगवणारी व्यक्ती हे किट धुते, रंगवते, केस लावते, वजन भरते आणि जोडते. संग्रह करणारे लोक या बाहुल्या घेतात, चित्रीकरणासाठी त्या लागतात, आणि ब्रिटनमधल्या काही वृद्धाश्रमांत स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांना जवळ घ्यायला बाहुल्या देतात. २०१६ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात कीन गावच्या पोलिसांनी बंद गाडीत बाळ गुदमरतंय असं समजून काच फोडली. आत रीबॉर्न बाहुली होती. काम नीट झालं की ते इतकं खरं वाटू शकतं.

आता तुमच्या कपाळाकडे वळू. रंग ठिपके होऊन मागे सरकतोय याचा अर्थ तिथे तेलकटपणा आहे. किटचे भाग धातूच्या साच्यात ओततात आणि ते साच्यातून सुटून यावेत म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश व्हिनाइलवर राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, हातालाही फारसा जाणवत नाही, पण रंगाला जाणवतो. म्हणून कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून सगळे भाग काही वेळ भिजत ठेवायचे आणि मग मऊ टूथब्रशने घासायचे. कपाळ आणि गाल सगळेच घासतात. खरी जागा कानाच्या वळणात, नाकपुड्यांत, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आणि मांडीच्या वळ्यांत, मानेच्या घडीत आणि ओठांच्या कोपऱ्यांत असते. एकदा धुतलं की पाणी बदलून पुन्हा धुवा आणि नंतर साबणाचा अंश जाईपर्यंत नुसत्या पाण्याने खंगाळा. साबण राहिला तर रंग तसाच सरकतो.

यानंतर वाळवणं. आतून. बोटांच्या टोकांत आणि पायाच्या अंगठ्यात पाणी अडकून बसतं. हातपाय झटकले तरी ते निघत नाही. कापडाची सुरळी आत घालून टिपा आणि तोंड खाली करून रात्रभर ठेवा. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही, दोन ठेवा. ओला भाग ओव्हनमध्ये गेला की त्या पाण्याची वाफ होते आणि डाग पडतात. वाळल्यानंतर त्या भागांना उघड्या हाताने शिवू नका, पातळ हातमोजे घाला. आपल्या बोटांना नेहमीच थोडं तेल असतं, विशेषतः चेहऱ्याला किंवा केसांना हात लागून गेला असेल तर.

तुमचे पाच थर झाले आहेत म्हणता. कपाळावरचा जो रंग अजून बेक झालेला नाही तो थिनरने पुसून काढा, थिनर उडून जाऊ द्या, ती जागा साबणाच्या पाण्याने हलकी धुवा, वाळवा आणि पुन्हा लावून बघा. बऱ्याचदा एवढ्याने भागतं. बेक झालेला रंग काढायला ॲसिटोन लागतं. ते व्हिनाइललाही खातं, त्यामुळे कापसाच्या काडीवर थोडंसंच घेऊन झटपट पुसायचं, घासत बसायचं नाही. खिडक्या उघड्या हव्यात, हातात मोजे हवेत, आणि जवळपास गॅस किंवा निरांजन काही पेटलेलं नको.

"अजून प्लास्टिकचंच दिसतंय" याची मला काळजी वाटत नाही. पाच थरांत प्लास्टिकचंच दिसायला हवं. चांगल्या कामात वीस ते तीस थर सहज होतात, आणि पहिले आठ-दहा थर इतके फिके असतात की काही केलंय असंच वाटत नाही. याच टप्प्यावर बहुतेक जण रंग दाट करतात आणि बाहुली तिथेच हातची जाते. याचं कारण समजून घ्या. खऱ्या त्वचेचा रंग हा वरून लावलेला रंग नसतो. उजेड त्वचेच्या आत थोडा शिरतो, खालच्या रक्ताची लाली, शिरांचा निळेपणा, चरबीचा पिवळेपणा आणि वरच्या थरातलं तपकिरी मेलॅनिन यांतून फिरून परत येतो. पातळ, पारदर्शक थरांत हे जमतं, कारण उजेडाला आत जाऊन परत यायला वाट राहते. दाट रंगावरून तो वरच्या वर परततो, आणि मग रंगछटा कितीही अचूक असली तरी भिंत रंगवल्यासारखं दिसतं.

पातळ म्हणजे किती, याची एक कसोटी सांगते. थिनर मिसळलेला रंग वर्तमानपत्राच्या कागदावर ओढा. खालची अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. वाचायला डोळे बारीक करावे लागले तर रंग अजून दाट आहे.

उष्णतेने पक्के होणारे तैलरंग, म्हणजे जेनेसिस हीट सेट, या कामात सगळ्यात जास्त वापरले जातात. ते हवेवर वाळत नाहीत. तापवेपर्यंत ओलेच राहतात, त्यामुळे मन लावून हवा तितका वेळ स्पंज मारता येतो आणि न आवडलेलं पुसता येतं. साधारण १३० अंश सेल्सियसला आठ-दहा मिनिटांत ते पक्के होतात. यासाठी वेगळा ओटीजी ठेवा. एकदा यात व्हिनाइल तापवलं की त्यात केक किंवा खारी, काहीच खाण्याचं करायचं नाही, कधीच नाही. ओव्हनच्या चकतीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बेकरीवाले वापरतात तसलं ओव्हन थर्मामीटर आत ठेवा. स्वस्त ओव्हनमध्ये वरची कॉइल एका बाजूला जास्त तापते आणि त्या बाजूचं नाक किंवा कान चकाकायला लागतो. फार तापलं तर व्हिनाइल मऊ पडून आकार सोडतं आणि त्यातून घातक वाफा निघतात, म्हणून खिडकी उघडी, एक्झॉस्ट पंखा चालू आणि खोलीत लहान मूल नाही, अशी व्यवस्था हवी.

यात कंटाळवाणं काय, तर प्रत्येक थराला हेच सगळं. थर लावायचा, थिनर उडून जायची वाट बघायची, ओव्हनमध्ये ठेवायचं, वेळ लावायची, बाहेर काढून आहे तिथेच गार होऊ द्यायचं आणि मग पुढचा थर. थिनर ओला असताना भाग आत ठेवला तर धूर होतो, आग लागायचा धोका असतो, आणि रंगावर एक ओंगळ चमक येते. गरम व्हिनाइल चिमटीत धरलं तर बोटाचा खड्डा कायमचा राहतो. डोकं, दोन हात आणि दोन पाय ओव्हनमध्ये एकदम मावत नसतील तर ही फेरी दोनदा. दोन थर एकदम लावून एकच बेक करण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. खालचा थर ओला असताना वरचा स्पंज त्याला उचलून घेतो, आणि दोन रंग एकमेकांत मिसळून मातकट होतात. थर वेगवेगळे दिसायला हवेत, हेच तर सगळं गणित आहे.

ज्यांच्याकडे ओव्हनची सोय नाही, त्या हवेवर वाळणारे ॲक्रिलिक वापरतात. त्यानेही उत्तम बाळं होतात, पण ते इतक्या लवकर वाळतं की स्पंज मारायला सवड मिळत नाही, आणि पावसाळी हवेत त्याचं वागणं रोज बदलतं. सुरुवातीला मी तैलरंगच सुचवीन.

तंतू वेचण्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. ओल्या रंगावर हवेतला प्रत्येक कण चिकटतो: टॉवेलचा धागा, ओढणीची लव, मांजर असेल तर तिचा केस. बेक झाल्यावर तो तंतू रंगात गाडला जातो, आणि पुढचे दहा थर त्याच्या कडेला साचून तिथे एक गडद रेघ उमटवतात. म्हणून ओव्हनमध्ये ठेवण्याआधी प्रत्येक वेळी दिवा एका बाजूने, अगदी तिरका धरा. समोरून उजेड असला की तंतू दिसत नाहीत; बाजूने धरला की त्यांची सावली पडते. टोकदार चिमट्याने एकेक वेचा. रंगकामाच्या वेळी पंखा बंद ठेवा, सुती किंवा लोकरी काही घालू नका, गुळगुळीत कापडाचा ॲप्रन चांगला. उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणं अवघड जातं हे खरं आहे, पण मग पहाटे बसा. गाडला गेलेला तंतू काढायचा तर सुईच्या टोकाने उकरावा लागतो आणि त्याच्यासोबत रंगाची टिकलीही निघते.

आता गव्हाळ रंगाकडे येते. हा प्रश्न मला मनापासून आवडला. या कलेची शिकवणी अमेरिका, जर्मनी, ब्रिटन, स्पेन इकडून आली, त्यामुळे पुस्तकी कृती गोऱ्या बाळाची आहे: निळा, फिका पीच, गुलाबी. आपल्याकडच्या बऱ्याच जणी तीच कृती घेतात आणि शेवटी सगळीकडे सारखा तपकिरी थर देतात. असं बाळ गव्हाळ दिसत नाही, मळकं दिसतं.

आधी खरं बाळ बघा. आपल्याकडे बाळ जन्मतं तेव्हा ते फिकं किंवा लालसर असतं. रंग नंतर काही आठवड्यांत येतो. म्हणूनच तर घरातल्या आज्या बाळाचे कान आणि नखांची मुळं बघून "हा बापाच्या वर्णावर जाणार" असं सांगतात. त्यांचं निरीक्षण आपल्या फार कामाचं आहे. कानाच्या वरच्या कडा, नखांच्या मुळाची कातडी, बोटांची पेरं, गुडघे आणि कोपरं इथे रंग आधी आणि जास्त गडद असतो. तळहात आणि तळपाय फिके, गुलाबीकडे झुकणारे. पण तळहाताच्या रेषा मात्र तळहातापेक्षा गडद. पहिल्या एक-दोन दिवसांत हातापायांची बोटं निळसरही दिसतात, कारण तिथलं रक्ताभिसरण अजून स्थिरावलेलं नसतं. हे सगळं जसंच्या तसं रंगात उतरवता येतं.

माझी पद्धत अशी आहे. व्हिनाइल शक्यतो फिकट घ्या. गडद व्हिनाइल एकसारखं दिसतं, पण त्यातून उजेड परत येत नाही. पहिला थर अल्ट्रामरीन निळ्यात किंचित लाल मिसळून केलेल्या जांभळटाचा. कानशिलं, डोळ्यांच्या भोवती, ओठांच्या वर, मनगटाच्या आतल्या बाजूला आणि बोटांवर. नुसता निळा घेतला तर पुढच्या पिवळट थरांखाली तो हिरवा दिसतो. त्यानंतर यलो ऑकरचे, म्हणजे मातकट पिवळ्याचे, एक-दोन अगदी पातळ थर सर्वांगाला. मग लाल, पण गुलाबी नव्हे, विटकरीकडे जाणारा. गाल, कानाच्या पाळ्या, टाचा, गुडघे, बोटांची टोकं. मग बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी, आणि शेवटच्या थरांत त्यात थोडा बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी. प्रत्येक तपकिरी थरानंतर, रंग ओला असतानाच, तळहात आणि तळपाय स्वच्छ स्पंजने पुसून घ्या. पांढरा रंग अंगाच्या कुठल्याही मिश्रणात घालू नका. टायटॅनियम व्हाइट अपारदर्शक असतो. त्याने सावळ्या आणि गव्हाळ रंगावर राख फासल्यासारखी झाक येते. काळाही नको. गडद करायचं तर निळा आणि अंबर मिसळा.

ओठांचीही हीच गोष्ट. गव्हाळ बाळाच्या ओठांच्या कडा तपकिरी-जांभळट आणि मध्यभाग गुलाबी असतो. सगळा ओठ एकाच गुलाबीने रंगवला की लिपस्टिक लावलेली दिसते.

मॉटलिंगबद्दल थोडं. नवजात बाळाच्या कातडीवर जाळीसारखे फिके-गडद डाग असतात, थंडी लागली की ते जास्त उठून दिसतात. मेकअपचा स्पंज घ्या, तो कात्रीने कापू नका, बोटांनी फाडा. कापलेल्या स्पंजची सरळ कड उमटते, फाडलेल्याचा आकार अनियमित येतो. स्पंज हातात सतत फिरवत राहा, नाहीतर एकच नक्षी ओळीने उमटते आणि बघणाऱ्याला ती लगेच कळते. हे काम दिसायला सोपं आणि करायला अतिशय कंटाळवाणं आहे, कारण त्याला शेवट नसतो. सर्वांगावर टिपत राहायचं, मागे सरून बघायचं, पुन्हा टिपायचं. मी ते कधीच एका बैठकीत करत नाही. डोळा थकला की आपण नकळत एकाच ठिकाणी टिपत राहतो.

वळ्यांमधल्या रेषा लायनर ब्रशने भरायच्या आणि लगेच स्पंजने कडा विरघळवायच्या. रेघ रेघेसारखी दिसली तर ती पुसा. नखांना गुलाबी तळ, टोकाला पांढऱ्याची केसाएवढी कड आणि वर चमकदार वॉर्निश. वीस नखं आहेत आणि पायाच्या करंगळीचं नख जवळपास नसतंच. तरीही तेही करा, कारण बाळ हातात घेतलं की लोक पायाची बोटंच मोजतात.

भुवयांना मात्र मी जास्तीत जास्त वेळ देते. पेणच्या गणपती कारखान्यांत आखणी करणारा कारागीर वेगळा असतो. सगळी मूर्ती रंगून झाल्यावर तो येतो आणि डोळे आखतो, कारण तिथे हात चुकला तर बाकीचं काम वाया. बाळाच्या भुवईचं महत्त्व तेवढंच आहे. एकेक केस वेगळा काढायचा, ब्रश जवळपास कोरडा ठेवायचा, नाकाच्या बाजूचे केस वर जाणारे आणि कानाच्या बाजूचे आडवे. दोन्ही भुवया आरशासारख्या सारख्या करू नका. खऱ्या चेहऱ्यावर तशा नसतात. पहिल्यांदा अगदी फिक्या काढून बेक करा आणि दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात बघा. दिव्याखाली ठीक वाटलेली भुवई खिडकीपाशी बरेचदा भडक निघते.

शेवटचा रंगाचा टप्पा मॅट वॉर्निशचा. हे दाटसर असतं. ते पातळ पसरवून स्पंजने ठोकत राहायचं, म्हणजे त्यात बारीक रंध्रांसारखी खरबरीत पोत उमटते आणि प्लास्टिकची चमक मरते. एका जागी जास्त साचलं की पांढरट झाक राहते. हाताळणी जास्त होणार असेल, म्हणजे वृद्धाश्रमासाठी बाहुली असेल, तर हातांना आणि गालांना दुसरा थर द्या. चित्रीकरणासाठी असेल तर कपाळ आणि नाकावर जरा जास्त लक्ष द्या. सेटवरच्या दिव्यांत तिथेच चमक पकडली जाते.

आता केस. तुम्हाला धडकी भरली हे योग्यच आहे. मोहेर, म्हणजे अंगोरा बकरीची लोकर, फेल्टिंगच्या सुईने एकेक किंवा दोन-दोन केस करून डोक्यात रोवायची. ४२ किंवा ४३ गेजच्या सुया लागतात, कारण जाड सुईची भोकं डोक्यावर दिसतात. पूर्ण डोक्याला चाळीस-पन्नास तास सहज जातात, नवीन हाताला त्याहून जास्त. थंड व्हिनाइलमध्ये सुया मोडतात, म्हणून डोकं कोमट ठेवावं लागतं. मान खाली घालून बसल्याने पाठ धरते, अंगठा दुखतो, डोळे चुरचुरतात. दर अर्ध्या तासाने उठा. मोडलेलं टोक डोक्यात राहिलं तर ते त्याच वेळी शोधून काढा. ते पुढे कुणाच्या हाताला लागू शकतं.

या कामातली खरी अडचण वेळेची नसून दिशेची आहे. सुरुवात भोवऱ्यापासून. पेन्सिलीने भोवरा आणि तिथून सगळीकडे जाणाऱ्या दिशा डोक्यावर हलक्या आखून घ्या. सुई उभी खुपसली तर केस उभा राहतो. ती डोक्याला जवळपास टेकवून, तिरकी घातली तर केस आडवा पडतो. जावळ कपाळावर विरळ, बाजूंना मऊ आणि मागे, जिथे बाळ पाठीवर निजून डोकं घासतं तिथे, अगदी कमी असतं. कपाळाची कड सरळ रेषेत संपवली तर टोप घातल्यासारखं दिसतं. काम संपलं की आतून डोक्याला सरस लावायचा, म्हणजे केस ओढले तरी निघत नाहीत. याच्याही वाफा लागतात, खिडकी उघडी ठेवा. आणि रंग, वॉर्निश, बेकिंग सगळं संपल्यावरच केस रोवायला घ्या. मोहेर लावलेलं डोकं पुन्हा ओव्हनमध्ये घालायचं नाही.

याला पर्याय आहे तो रंगवलेल्या जावळाचा, आणि मी तो कमी प्रतीचा मानत नाही. बारीक लायनरने भोवऱ्यापासून केस ओढायचे, पहिला थर फिका तपकिरी, बेक, दुसरा त्याहून गडद पण विरळ, बेक, तिसरा फक्त भोवऱ्यापाशी आणि कानांच्या वर. आपल्या बाळांचे केस काळे म्हणून थेट काळा घेऊ नका, गडद अंबरवर थांबा. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाचं जावळ डोक्याला चिकटलेलं असतं तसं ते दिसतं. मोहेरचं ओबडधोबड डोकं आणि नीट रंगवलेलं जावळ यांत मी नेहमी दुसरं निवडीन.

वजन भरणं सोपं आहे, पण बारीक काचेचे मणीच वापरा. वाळू भरली की ओल धरते आणि तांदूळ भरले की किडे होतात. मणी जाळीच्या किंवा नायलॉनच्या पिशवीत घालून ती शिवून टाका, नाहीतर ते कापडातून पाझरतात. सगळ्यात जास्त वजन बुडाशी, त्याखालोखाल डोक्यात, हातापायांत थोडं. डोकं इतकं जड हवं की उचलताना हात आपोआप मानेखाली जावा. एकूण दोन ते अडीच किलो पुरे. हातपाय आणि मान कापडी धडाला झिप टायने आवळतात. मानेची फार घट्ट आवळली तर डोकं हलत नाही. चोखणी चिकटवायला तोंडात चुंबक बसवतात, तर ज्या घरात पेसमेकरवाली व्यक्ती किंवा लहान मूल आहे तिथे चुंबक नको. मुळात ही बाहुली छोट्या मुलांचं खेळणं नाही, हे घेणाऱ्यालाही आधी सांगा. आणि गडद रंगाचे नवे कपडे घालण्याआधी एकदा धुवा. काळा, लाल, गडद निळा रंग व्हिनाइल शोषून घेतं आणि तो डाग निघत नाही.

तुमच्या हातातल्या बाळासाठी म्हणून एवढं करा. कपाळ स्वच्छ करून घ्या, पाच थर तसेच राहू द्या आणि पुढचा थर यलो ऑकरचा, वर्तमानपत्राची कसोटी लावून. पीचच्या थरांवरूनही गव्हाळ रंगाकडे वळता येतं, फक्त गुलाबी आता थांबवा. डोक्याला जावळ रंगवा. केस रोवायचा सराव करायचाच असेल तर एखादं स्वस्त, बिघडलेलं डोकं मिळवा आणि त्यावर फक्त भोवरा आणि त्याच्याभोवतीचा वाटीएवढा भाग करून बघा. तो भाग बाजूच्या दिव्यात भोकं न दिसता नीट बसला, की पुढच्या किटसोबत मोहेर मागवा.